टेपचं पहिलं पान

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे सासरी पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं होतं. पोळी तव्यावर असताना मी अंगणातले कपडे उलटवून येते. चहाला उकळी फुटेपर्यंत ओट्यापाशी थांबणं मला जमत नाही. बसमध्ये माझा थांबा यायच्या दोन किलोमीटर आधीच मी दाराशी जाऊन उभी राहते आणि कंडक्टरची बोलणी खाते. अशा बाईच्या नशिबी टेप यावी, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची.

टेप म्हणजे गाण्याची नव्हे. कॉम्प्युटरमधली माहिती जपून ठेवायची एक चौकोनी डबी असते, तळहातावर मावेल एवढी. आत शेकडो मीटर पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यातलं काही परत हवं असेल तर पट्टी सुरुवातीपासून उलगडत न्यावी लागते, आणि ती उलगडेपर्यंत माणसाने गप्प बसायचं असतं. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं आणि आवाज ऐकत राहायचं. त्या गप्प बसण्याचा मला मनस्वी कंटाळा होता, आणि पुढे जे झालं ते त्या कंटाळ्यापायीच झालं.

मी मेहकरकडच्या एका संस्थेच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते. कॉलेजच्या तीन बाजूंना शेतं आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. संस्थेत नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स आहे. मुलींनी दवाखान्यात कुठल्या वॉर्डात किती तास काम केलं याची नोंद कॉलेजने ठेवायची असते. ती सर्व्हरवर असायची, आणि सर्व्हर संस्थेने कुठल्याशा कंपनीचं जुनं सामान निघालं तेव्हा आणलेला होता. त्याच्याबरोबर टेपचं यंत्रही आलं. ते कोणाला हवं होतं म्हणून नव्हे, पेटीला चिकटलेलं होतं म्हणून आलं.

त्या यंत्राची भाषा एकट्या थोरल्या सरांना यायची. ते माझ्या आधी या खोलीत बसायचे, म्हणून सगळे त्यांना थोरले सर म्हणत. दर वर्षाच्या शेवटी ते एकेका बॅचची त्या वर्षाची सगळी नोंद वेगळ्या टेपवर घ्यायचे, डबीवरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईने बॅच आणि वर्ष लिहायचे आणि डबी पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला किल्ल्या दिल्या, रजिस्टर दिलं आणि तो डबा दिला. म्हणाले, "पाच मिनिटं बसतं का? टेपांचं सांगून देतो." माझी साडेपाचची बस होती. मी म्हटलं, "उद्या बसते सर." दुसऱ्या दिवशी ते जानेफळला स्वतःच्या शेतात होते आणि मी त्यांच्या खुर्चीवर. ती पाच मिनिटं राहूनच गेली.

नंतर एका उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क बसली. शहरातून आलेल्या माणसाने नवी घातली, जुनं गेलं. टेपांबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. कागदी रजिस्टरं होती म्हणून सगळे निश्चिंत होते. ती स्टोअरच्या खालच्या फळीवर होती. कधीतरी काढायला गेलो तर पुठ्ठे तेवढे शाबूत होते आणि आतलं सगळं वाळवीनं नेलं होतं.

एका मंगळवारी फोन आला. बाई उंद्रीहून बोलत होती, आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. आरोग्य खात्यात नर्सच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. सोमवारी कागदपत्रांची पडताळणी होती, आणि तीन वर्षांच्या वॉर्डातल्या तासांचा दाखला कॉलेजकडून पाहिजे होता. तो नसेल तर तिच्या खालचं नाव वर सरकणार होतं. मी म्हटलं, रजिस्टरं वाळवीने खाल्ली. ती म्हणाली, "मंग कॉम्प्युटरात पाहा ना, मॅडम." डिस्क गेल्याचं सांगितलं, तर तिने विचारलं, "थोरले सर टेपा करे ना? आम्ही पाह्यलं हाये."

फोन मान आणि खांद्यात धरून मी डब्यातून तिच्या तीन वर्षांच्या तीन टेपा काढल्या. एकेक यंत्रात घातली आणि आत काय आहे ते दाखव, अशी ओळ टाइप केली. प्रत्येक टेपवर एकच फाईल निघाली. तिचं नाव 'श्री', इंग्रजी अक्षरांत. आत दोनचार अक्षरं, बाकी काही नाही. एका टेपला एक मिनिटही लागलं नाही, आणि खरं सांगते, मला तेच आवडलं. मी तिला सांगितलं, "बाई, टेपा कोऱ्या आहेत." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

टेपा कोऱ्याच आहेत, तर यंत्र लिहितं की नाही ते पाहावं, असं मला वाटलं. चाललं तर आपल्यालाही वापरता येईल. तिन्हीतली वरची टेप मी हातात घेतली. डबीच्या कोपऱ्यात एक लाल कडी असते. ती लावलेली असली की टेपवर लिहिता येत नाही. ती लावलेली होती. मी नखाने सरकवली, एक बारकी फाईल बनवली आणि टेपवर लिहिली. यंत्राने घर्र केलं आणि काम झालं. चला, आज एक काम तरी धड झालं, असं म्हणत मी चहाला गेले.

शुक्रवारी ती स्वतः आली. सकाळच्या बसने चिखली, तिथून दुसरी बस. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या आवरणात फाईल. रात्रपाळी करून आली होती, उंद्रीच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला होती. डोळे लाल होते, पण उभी ताठ होती.

"मॅडम, तुम्ही म्हटलं टेपा कोऱ्या हायेत."

"हो. आहेत."

"मले दाखवता का?"

मला रागच आला. कोरी वस्तू काय दाखवायची? पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही म्हणवेना. मी तिला आतल्या खोलीत नेलं. सर्व्हरवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून होतं आणि टेपच्या यंत्रावर वाळलेलं झेंडूचं फूल. तिसऱ्या वर्षाची टेप घातली, ओळ टाइप केली. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. ती वाकून वाचायला लागली.

"हे श्री काय हाये?"

"काही नाही. श्री आहे."

"काही नाही तं लिहिलं कोणं?"

"थोरल्या सरांनीच लिहिलं असेल."

 ती माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत बोलायला लागली.

"मॅडम, आमच्या घरी वहीवर श्री लिहीत नाहीत. आमचं जय भीम असते. शाळेत बाकीच्या पोरी नवी वही आणली का पहिल्या पानावर वरती मधोमध श्री लिहे, अन् ते पान तसंच कोरं सोडे. अभ्यास दुसऱ्या पानापासून. मी पहिल्या पानापासूनच लिहो, कागद वाया काऊन घालवाचा म्हणून. तं आमच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणे, पहिलं पान काऊन भरवलं गं? म्हणून माह्या ध्यानात हाये ते."

तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पहिलं पान असंन. तुम्ही पान उलटलं का?"

माझी रोजची वही समोरच पडली होती. मी ती उघडली. पहिल्या पानावर, वर मधोमध, माझ्याच अक्षरात श्री. खाली पान कोरं. पहिलीत असल्यापासून मी असंच करत आले आहे. कोणी शिकवलं आठवत नाही, का करते तेही कधी विचारलं नाही. ते अक्षर माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मंगळवारी तीन वेळा समोर येऊनही मला दिसलं नव्हतं. जिच्या वहीवर ते कधी नव्हतं, तिला ते पहिल्या नजरेतच दिसलं. मला लाज वाटली. नक्की कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

टेपवर एक सोडून पुढच्या नोंदीवर जाण्याची आज्ञा असते. ती मला पुस्तकी माहीत होती. टाइप केली. पट्टी सरकल्याचा आवाज आला. पुन्हा विचारलं, काय आहे? उत्तर आलं, श्री. दोन पुढे जा म्हटलं. बराच वेळ पट्टी फिरली. पुन्हा श्री. मी टेप काढली, फुंकर मारली, परत घातली. श्री. मग मी टेबलावर हात आपटला. ती एका कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. तिने पिशवीतून बाटली काढली, पाणी प्यायली आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"थोरल्या सरांले फोन लावा ना, मॅडम."

तोच मला लावायचा नव्हता. ते गेल्यापासून मी एकदाही लावला नव्हता. लावला असता तर ती न दिलेली पाच मिनिटं निघाली असती. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मधे फक्त शनिवार आणि रविवार उरले होते. मी लावला. मागून मोटारीचा आवाज येत होता.

"बोल बाई. लाइन हाये तोवर हरभऱ्याले पाणी देऊन घेतो म्हटलं."

"सर, टेपवर श्री आहे."

"असंनच ना."

"त्याच्या पुढे काय आहे?"

"पुढं वर्ष हाये. अख्खं."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही, सर."

"त्यात काय सांगा लागते, पोरी? वहीचं पहिलं पान कोणी वाचते काय?"

मी पुढे जाते आहे पण टेप परत मागे येते आहे, हे सांगितल्यावर ते हसले.

"नावाच्या आंधी एन लावला का? नाई ना? त्या यंत्राचं कॉम्प्युटरातलं नाव एसटी हाये. साध्या नावानं हाक मारली का एक काम झालं की ते चाललं वापस डेपोत. आंधी एन लावला का जिथल्या तिथं थांबते. लाव, अन् मंग पान उलट. अन् घाई नको करू. आवाज आयकजो."

मी एन लावला. एक पुढे. पट्टी सरकली आणि थांबली. काय आहे, म्हणून विचारलं, आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. वॉर्ड, महिने, हजेरीचे क्रमांक. खालून वर, खालून वर, थांबेचनात. ती स्टुलावरून उठून माझ्या खांद्याशी आली.

"थांबवा थांबवा. थे मी. माहा नंबर हाये थो."

ते थांबवता येत नव्हतं, पण तिने पाहिलं होतं. मी तिसरं वर्ष टेपवरून सर्व्हरवर उतरवायला लावलं. यंत्र गहू चाळल्यासारखा एकसारखा आवाज करत राहिलं. अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात मी एकदाही उठले नाही. तिने मला तिच्या प्रसूती वॉर्डाच्या गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदा हातात घेतलेलं बाळ किती निसरडं होतं, आणि कशी ती रात्रभर त्या बाळाच्या आईपेक्षा जास्त घाबरलेली होती. तिसरं वर्ष छापून हातात आलं. मग दुसरं वर्ष, तसंच. श्री, एक पान पुढे, आणि मग सगळं. मी स्वतःवर खूश होते. पहिल्या वर्षाची टेप घालताना मी गुणगुणतसुद्धा होते.

पडद्यावर आलं, श्री. मी पान उलटलं. यंत्राने एवढंसं घर्र केलं आणि चूक झाल्याची ओळ दाखवली. पुन्हा केलं. पुन्हा तीच ओळ. मग मी श्रीची ओळ नीट वाचली. नावाच्या आधी तारीख असते. आधीच्या दोन टेपांवर ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. या टेपवर गेल्या मंगळवारची होती.

 मंगळवारी नखाने कडी सरकवून लिहिलेली ती टेप, वरची, ती हीच. आणि त्या बारक्या फाईलला नाव काय द्यावं याचा मी विचारही केला नव्हता. बोटांनी आपलं आपण लिहिलं होतं, श्री.

मी सरांना पुन्हा फोन लावला. तिच्यासमोरच, बाहेर न जाता.

"पण लाल कडी लावली होती ना, पोरी."

"सरकवली, सर."

पलीकडचा मोटारीचा आवाज बंद झाला. मग ते म्हणाले, "मंग नाई आता. पट्टीवर हाये सगळं. वरचं नखाएवढं गेलं असंन, बाकी जसंच्या तसं हाये. पण तू जिथं लिहिणं थांबवलं ना, तिथं यंत्रानं खूण केली का टेप इथं संपली. त्या खुणेच्या पुढं ते जात नाई. म्या तरी कधी नेऊ शकलो नाई." ते मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर मला खोटं बोलायचं होतं. हे लिहायला संकोच वाटतो, पण तसंच होतं. पहिल्या वर्षाची टेप खराब निघाली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने फोनवरचं फक्त माझ्या बाजूचं बोलणं ऐकलं होतं, आणि टेप खराब होते यावर कोणीही विश्वास ठेवतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. मग मी तिच्या हातातली ती दोन वर्षं पाहिली. तिने कागद दुमडले नव्हते, पिशवीतही घातले नव्हते. दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. मी सांगितलं. कडी, नख, बारकी फाईल, सगळं.

तिने हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मंगळवारी? माह्या फोनच्या नंतर?"

"हो. फोन ठेवल्यावर."

"म्हणजे म्या फोन केलाच नसता तं..."

तिने ते वाक्य तिथेच सोडलं. मला आजही ते वाक्य मधेच ऐकू येतं, बसमध्ये, भाजी निवडताना. ते पुरं करायची माझी हिंमत नाही.

आम्ही दोघी प्राचार्य सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच मजकूर सांगायला सुरुवात केली. सदर वर्षाची नोंद तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही. ते वाईट माणूस नाहीत. कॉलेज वाचवणं हे त्यांचं काम आहे आणि ते ते करत होते. ती मधेच म्हणाली, "सर, बिघाडाचा कागद नको. आमच्या दवाखान्यातल्या दोघी, दुसऱ्या कॉलेजच्या, मागच्या खेपेला असाच कागद घेऊन गेल्या अन् वापस आल्या. साहेब विचारते, बिघाड कोणं केला? बिघाडाले धनी नसते. कागदावर माणूस पाह्यजे."

खोलीत तो माणूस कोण हे तिघांनाही माहीत होतं. प्राचार्य सर माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, नोकरी तुमची आहे. विचार करा." विचार मला बसून करता येत नाही. मी कोरा कागद ओढला. पेन आपोआप वर मधोमध गेलं. मी ते तिथून उचललं, डावीकडे आणलं आणि लिहिलं: या विद्यार्थिनीच्या पहिल्या वर्षाची नोंद गेल्या मंगळवारपर्यंत कॉलेजच्या टेपवर होती. ती माझ्या हातून पुसली गेली. मी टेप न तपासता कोरी समजले. यात विद्यार्थिनीचा काही दोष नाही. खाली सही, हुद्दा आणि माझा मोबाइल नंबर. प्राचार्य सरांनी दोनदा वाचलं, "पुसली गेली" च्या जागी दुसरं काही बसतं का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर शिक्का मारला.

सोमवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. फाटकापर्यंत चार वेळा गेले. शिपायाने विचारलं, कोणी येणार आहे का, तर त्याच्यावरच चिडले. चहा गार झाला की नवा सांगितला आणि तोही गार होऊ दिला. फोन पर्समध्ये ठेवला, काढला, टेबलावर ठेवला, परत पर्समध्ये. आपण तिला लावावा असं दहादा वाटलं, पण कोणत्या तोंडाने? तिची नोकरी जाणार असेल तर ती मला कळवण्याचं तरी का करेल?

चार वाजून गेल्यावर तिचा फोन आला.

"पंधरा दिवस देल्ले, मॅडम."

"म्हणजे?"

"साहेबानं तुमचा कागद दोन येळा वाचला. मले म्हणे, या बाई अजून नोकरीवर हायेत काय? म्या म्हटलं, हाव, आज तं हायेत. मंग म्हणे, दोन वर्षं चालतात. पहिल्या वर्षाचं, ज्या दवाखान्यात काम केलं तिथल्या सिस्टरची सही आणा, अन् पंधरा दिवसांत आणा."

ती सिस्टर निवृत्त होऊन चिखलीत राहत होती. ड्यूटीच्या डायऱ्या तिने जपून ठेवल्या होत्या, ट्रंकेत, साड्यांच्या खाली. आम्ही दोघी गेलो. मी त्या बाईंसमोर जमिनीवर बसून दोन तास डायऱ्या चाळल्या, आणि एकेक दिवस, एकेक वॉर्ड, हिच्या नावापुढचा सापडत गेला. यंत्राने जे माझ्या खुणेपाशी थांबून दिलं नाही, ते त्या डायऱ्यांत बॉलपेनने लिहिलेलं होतं. सिस्टरने सही केली. बाराव्या दिवशी कागद पोचला. पुढच्या महिन्यात हिला नेमणुकीचा हुकूम आला. मला संस्थेकडून लेखी ताकीद आली. ती मी फाईलला लावून ठेवली आहे.

हुकूम दाखवायला ती कॉलेजात आली तेव्हा मला पहिल्यांदा ताई म्हणाली. मी तिच्याकडे एक गोष्ट मागितली, तिच्या बॅचच्या सगळ्या पोरींचे फोन नंबर. त्या टेपवर तिचं एकटीचं वर्ष नव्हतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांना काही ट्रंकेत डायऱ्या ठेवणारी सिस्टर मिळणार नव्हती. ती म्हणाली, "ग्रुपवर टाकून देऊ का, ताई? एका मिनिटाचं काम हाये." मी नको म्हटलं. एका मिनिटाची कामं माझी करून झाली होती.

मी एकेकीला फोन केले. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन. तुमचं पहिलं वर्ष माझ्या हातून गेलं, आत्ताच दुसरीकडून सही आणून ठेवा, उद्या लागेल तेव्हा धावपळ नको. एक जण शेतात होती, म्हणाली, नर्सिंग कधीचंच सोडलं, मले काय कराचं त्याचं? एकीने मला आई-बाप काढून शिव्या दिल्या, आणि त्या ऐकताना मला हलकं वाटलं. एक रडली. एकीने विचारलं, तुम्ही फोन काऊन केला, तुम्ही सांगितलं नसतं तं कोणाले कळलं असतं? मी तिला खरं ते सांगितलं, की मला झोप लागत नाही.

एक नंबर राहिला आहे. तो बंद आहे. लग्न होऊन ती कुठे गेली ते कोणालाच नक्की माहीत नाही. कोणी जालन्याकडे म्हणतं, कोणी सुरतेला. तो नंबर मी अजून मधूनमधून लावते.

पहिल्या वर्षाची ती टेप माझ्या खणात आहे. लाल कडी लावलेली. डबीवर सरांच्या निळ्या शाईखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे, कोरी नाही. एक दिवस ती राहिलेली पोरगी पिशवीत फाईल घेऊन दारात उभी राहील. तेव्हा मी तिला बसायला खुर्ची देईन, स्वतःही बसेन, आणि तिचं वर्ष माझ्या खणात असूनही मला तिला देता येत नाही, हे सांगेन.